मैदान मोकळे असल्याचा दाखला

आकाशातून खाली येणारं यान आणि जमिनीवरून जाणारं वाहन यांनी एकाच वेळी एकाच जागी असू नये, याबाबत जगातल्या सर्व राष्ट्रांचं एकमत आहे. (सर्व राष्ट्रांचं एकमत असलेली दुसरी बाब मला सापडलेली नाही.) हे एकमत टिकवायला मोठ्या विमानतळांवर मनोरे, लाल दिवे, रडार आणि हजारो माणसं लागतात. आमच्याकडे हे सगळं काम एका कागदावर भागतं. त्याला 'मैदान मोकळे असल्याचा दाखला' म्हणतात, आणि त्याची तारीफ करावी तेवढी थोडी आहे.

आमच्याकडे म्हणजे शेवरकोंडला. महाडहून वरंधकडे जाताना एक फाटा फुटतो, तिथून चार किलोमीटर चढ. तळीये गाव दरडीखाली गेल्यानंतर आमच्या भागात सपाट जागेला अचानक मोल आलं. डोंगर खाली आला तर मदत वरून यावी, या विचारानं शेवरकोंडच्या माळावर सिमेंटचा मोठा गोल घातला गेला, मधोमध पांढऱ्या रंगात इंग्रजी 'एच' काढला गेला, आणि सगळ्याची देखरेख 'तात्पुरते उतरणस्थळ व्यवस्था कक्ष' नावाच्या कार्यालयाकडे गेली. कक्ष तात्पुरता असल्यानं तो कायम आहे.

डोंगर खाली येतात ते पावसाळ्यात. पावसाळ्यात ढग गावाच्या कौलांवर बसलेले असतात, त्यामुळे हेलिकॉप्टर येऊ शकत नाही. म्हणून हा गोल आपत्तीसाठी बांधलेला असला तरी वापरला जातो उद्घाटनांसाठी, जी हिवाळ्यात असतात. काही लोक यात विसंगती शोधतात. त्यांना मी एवढंच सांगेन की गोल रिकामा कधीच नसतो. गेल्या वर्षीचा वापर असा:

हेलिकॉप्टर: दोन दिवस, एकूण एकोणीस मिनिटं.
भात वाळवणं आणि झोडणं: त्रेपन्न दिवस.
क्रिकेट: मोजलेलं नाही.
साखरपुडा: एक.
एसटी उलटी फिरवणं: रोज दोनदा. (दुसरी जागाच नाही.)
गुरं: नोंद नाही, खुणा आहेत.

भात वाळवायला सिमेंटसारखी जागा नाही. खडा लागत नाही, खालून ओल येत नाही. त्यामुळे पहिल्याच डिसेंबरात 'एच'ची वाटणी झाली. डावा पाय गोदूबाईंचा, उजवा मालोजींचा, मधली आडवी रेघ खेळपट्टीसाठी सामायिक. राहिला रस्त्याच्या बाजूचा तुकडा, जिथून वाहनं आत येतात. त्याला 'तोंड' म्हणतात. तोंडाला ऊन सर्वांत आधी लागतं, त्यामुळे गोदूबाई त्याला 'माजं खळं' म्हणतात आणि मालोजीही 'माजं खळं' म्हणतात. हा वाद चार वर्षं चालू आहे. जागा सरकारी आहे, हा मुद्दा दोघांपैकी एकानंही कधी काढलेला नाही.

आता मूळ विषयाकडे येते. गेल्या जानेवारीत या गोलावर एक घटना घडली. तिच्या चौकशीचा अहवाल त्रेचाळीस पानांचा आहे, छपाई सुबक आहे, शुद्धलेखन बहुतेक ठिकाणी बरोबर आहे. माझी हरकत फक्त पान एकतीसवरच्या एका वाक्याला आहे: 'टँकरचालकाने परवानगी न घेता उतरण क्षेत्रात प्रवेश केला.' हे वाक्य काढलं जावं, इतकीच माझी मागणी आहे. बाकीची बेचाळीस पानं त्यांनी खुशाल ठेवावीत.

(टँकरचालक मुराद हे माझे वडील. ते आता नाहीत. पुढे मीही अहवालाप्रमाणे त्यांना 'चालक' म्हणेन, म्हणजे लेखन निःपक्षपाती राहील.)

चालकानं सत्तावीस वर्षं आखातातल्या एका विमानतळावर काढली. काम असं की धावपट्टीवरून गाडी फिरवायची आणि पडलेले स्क्रू, दगड, मेलेले पक्षी उचलायचे. वाळवंटात धुकं पडतं हे आमच्या घरात कोणाला खरं वाटायचं नाही. पडतं, डिसेंबर-जानेवारीत, आणि असं की आपल्याच गाडीचं नाक आपल्याला दिसत नाही. वरून दोनशे माणसांना घेऊन विमान उतरत असतं आणि खाली महाडचा एक माणूस टोपलीत पक्षी घेऊन फिरत असतो. या दोघांची गाठ पडू नये म्हणून तिथे एक नियम होता. लाल दिव्यांच्या रेघेवर थांबायचं. मी कोण, कुठे आहे, काय करायचंय, हे मनोऱ्याला सांगायचं. उत्तर आलं की ते जसंच्या तसं मोठ्यानं म्हणून दाखवायचं, मगच पुढे जायचं. उत्तर आलं नाही, तर ते 'नाही' असंच धरायचं.

माणूस सत्तावीस वर्षं असं बोलला की ते त्याच्या अंगात मुरतं. परत आल्यावरही चालक स्वयंपाकघराच्या दारात थांबून विचारत, "मुराद, दारात. पाण्याला आत येऊ?" अम्मी पीठ मळता मळता म्हणायची, "या." "आत येतो," असं म्हणूनच ते आत येत. एकदा अम्मी रागावलेली होती, तिनं उत्तर दिलं नाही. ते पाऊण तास दारात उभे होते. शेवटी तीच म्हणाली, "अहो, ही शरिफा हरली. या आत."

गावी आल्यावर त्यांनी टँकर घेतला. उन्हाळ्यात वाड्यांना पाणी आणि हिवाळ्यात गोलावर पाणी, कारण हेलिकॉप्टर उतरताना धूळ उडते. गोलावरचा पहिला दिवस पाहून ते घरी आले आणि मला म्हणाले, "सुम्बुल, एक अर्ज लिहून दे. चांगल्या मराठीत." मी महाडला कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे अर्ज फारच चांगल्या मराठीत झाला. मागण्या तीन होत्या. परवानगी एकाच माणसानं द्यावी, चौघांनी नव्हे. दिलेली परवानगी मोठ्यानं म्हणून घ्यावी. आणि गोलापलीकडचं आंब्याचं झाड धुक्यात दिसेनासं झालं की गोलावर एकही वाहन नसावं. कक्षाचं उत्तर सात महिन्यांत आलं: 'आपली सूचना स्वागतार्ह आहे. तथापि, धुके हा विषय या कक्षाच्या अखत्यारीत येत नाही. आंब्याच्या झाडाबाबत संबंधित विभागाकडे स्वतंत्र अर्ज करावा.'

चालकानं तो स्वतंत्र अर्जही केला. संबंधित विभागाचा माणूस येऊन झाडाला नंबर घालून गेला.

इथे कक्षाच्या कार्यपद्धतीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हेलिकॉप्टर उतरण्याच्या दिवसासाठी दोन आदेश निघतात. पहिला आदेश असा की उतरण्यापूर्वी अर्धा तास गोलावर कोणतंही वाहन नसावं. दुसरा असा की उतरण्याच्या क्षणी धूळ शून्य असावी, त्यासाठी हेलिकॉप्टरचा आवाज येईपर्यंत पाणी मारत राहावं. दुसरा आदेश निघाला तो आदल्या वर्षी एका मान्यवरांच्या पांढऱ्या कपड्यांचं जे झालं त्यामुळे. पहिल्या आदेशाच्या शेवटी 'कृपया' आहे आणि दुसऱ्याच्या शेवटी 'अन्यथा'. अनुभवी कर्मचारी आदेश शेवटाकडून वाचतात.

राहिला दाखला. फाइल सकाळी नऊला वर पोचायची असल्यानं दाखल्यावर आदल्या संध्याकाळी सही होते. कक्षाचे स्थळ अधिकारी राजेश यांनी तशी ती केली, साडेपाच वाजता. सही करताना गोल खरोखरच मोकळा होता. गोदूबाई शेवटचं पोतं शिवत होत्या.

"गोदूआजी, उद्या नका पसरू हां भात. साहेब येणारेत," राजेशसाहेब म्हणाले.

"कुटनं येनार?"

"वरून."

"मंग वाट कशाला अडवू म्या? वरच्याला वरची वाट हाय," गोदूबाई म्हणाल्या, आणि पोतं तिथेच ठेवून घरी गेल्या.

दाखल्याचा फोटो त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवरून थेट वैमानिकापर्यंत गेला. याबाबतीत आपण आखाताच्याही पुढे आहोत. तिथे मैदान मोकळं आहे की नाही हे विमान उतरताना पाहतात, आपल्याकडे पंधरा तास आधीच ठाऊक असतं.

सकाळी आठला नदीवरून धुकं चढलं. आंब्याचं झाड गेलं, त्याच्यावरचा नंबरही गेला. त्या दिवशी आपत्कालीन सज्जता केंद्राचं उद्घाटन होतं. माळावर साठेक माणसं जमली होती, बहुतेकांच्या अंगावर स्वेटर आणि हातात फोन. चालक टँकर घेऊन तोंडाशी आला, थांबला, काच खाली केली.

"टँकर. तोंडाशी. पाणी मारायला आत येऊ?"

"चाचा, दर वेळी काय विचारता? या की!" राजेशसाहेब म्हणाले. त्यांच्या एका कानाला एक फोन होता आणि दुसऱ्याला दुसरा.

"हेलिकॉप्टर किती लांब?"

"अजून निघतंय. वीस मिनिटं आहेत."

"झाड दिसत नाही, राजेशसाहेब. आत येऊ?"

"झाडाला कोण भेटायला येतंय? धूळ उडाली ना चाचा, तर मला उडवतील. या म्हणतो ना!"

"आत येऊ?"

"या!"

मागून कोणीतरी म्हणालं, "निकाह लावताय का? तीनदा कबूल करून घेताय." सगळे हसले. चालकही हसला असं गोदूबाई सांगतात. मग तो मोठ्यानं म्हणाला, "आत येतो," आणि आत गेला.

हेलिकॉप्टर वीस मिनिटांऐवजी आठ मिनिटांत आलं. (वेळेआधी पोचल्याबद्दल अहवालात वैमानिकाचं अभिनंदन आहे.) आवाज सगळ्या बाजूंनी येत होता, दिसत काहीच नव्हतं. मग एकदम डोक्यावर दिसलं. टँकर तेव्हा 'एच'च्या मधोमध होता. वैमानिकानं यान वर खेचलं. टँकरला बाहेर पडायला दोनच बाजू होत्या. एका बाजूला हार घेऊन उभे असलेले लोक होते, दुसऱ्या बाजूला ओढा. चालकानं टँकर ओढ्याकडे वळवला.

ओढा चाळीस फूट खाली आहे.

दफन असरच्या नमाजानंतर झालं. राजेशसाहेब आले होते, शेवटपर्यंत थांबले. ते वाईट गृहस्थ नाहीत.

अहवालाचे मुख्य निष्कर्ष असे. हेलिकॉप्टर सुरक्षित राहिलं, सबब सुरक्षाव्यवस्था यशस्वी. दाखला वैध होता. धुकं नैसर्गिक होतं. धूळ उडाली नाही. आणि मग ते पान एकतीस. शिफारशींमध्ये 'चालकांना परवानगी मागण्याचे प्रशिक्षण द्यावे' असं म्हटलं आहे. हे प्रशिक्षण कोण देणार, याची चौकशी मी केली. त्यासाठी आखातात काम केलेला अनुभवी माणूस ते शोधत आहेत.

परवानगीबाबत राजेशसाहेबांचा जबाब मला तर्कशास्त्राचा नमुना म्हणून वर्गात शिकवावासा वाटतो: 'परवानगी देण्याचा अधिकार मला नाही. त्यामुळे मी ती दिलेली असणे शक्य नाही.' अधिकार ज्यांना होता ते साहेब त्या वेळी महाडला नाश्ता करत होते. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हेही खरं आहे.

चौकशी समितीच्या अध्यक्ष अनुपमा मॅडम. फार सभ्य बाई. माझ्यासाठी चहा मागवला, साखर किती तेही विचारलं.

"सुम्बुल मॅडम, तुमचं दुःख मी समजू शकते. पण परवानगी मागितली, मिळाली, याला पुरावा काय?"

"साठ माणसांनी ऐकलं."

"मग आणा ना साक्षीदार. मी बसलेय."

साठपैकी अठ्ठावन्न जणांना त्या दिवशी हेलिकॉप्टरच्या आवाजामुळे काही ऐकू आलं नव्हतं. (हेलिकॉप्टर यायच्या आठ मिनिटं आधीसुद्धा.) दोन जण मात्र ठामपणे पुढे आले, गोदूबाई आणि मालोजी. मी त्यांना रिक्षानं महाडला नेलं.

"इचारलान ना!" गोदूबाई म्हणाल्या. "तीनदा इचारलान. ह्यो साहेब या म्हनला. माज्या खळ्यात उबा ऱ्हाऊन इचारलान."

"कुठे उभा राहून?" अनुपमा मॅडमनी लिहिता लिहिता विचारलं.

"माज्या खळ्यात."

मग मालोजींना आत घेतलं. "इचारलान ह्ये सोळा आणे खरं," ते म्हणाले. "पन गोदीच्या खळ्यात नाय हां, बाय. लिवून घ्या. माज्या खळ्यात उबा व्हता. तिचं खळं पल्याड, पायाशी."

समितीनं नोंद केली: 'दोन्ही साक्षीदार परवानगी मागितल्याचे सांगतात. मात्र एकाच्या मते चालक एका खळ्यात होता, दुसऱ्याच्या मते दुसऱ्या. एक वाहन एकाच वेळी दोन ठिकाणी असू शकत नसल्याने दोन्ही साक्षी अग्राह्य.'

परतीच्या रिक्षात मी दोघांच्या मध्ये बसले होते. म्हटलं, "गोदूआजी, तेवढं 'तोंडाशी' म्हणा. 'माजं' नका म्हणू. पुन्हा जबाब घ्यायला त्या तयार आहेत."

"अगो, तुज्या बापासाटी जीव देईन मी," त्या म्हणाल्या. डोळ्याला पदर लावला होता आणि ते खोटं नव्हतं. "पन सरकारी कागदावर एकदा 'माजं नाय' म्हनलं, तं ह्यो म्हातारा उद्या तितं कणगी बांदील."

"बांदीनच," मालोजी म्हणाले. तेही रडत होते.

सरकारी कागदावर आपलं नाव चुकीचं लागू नये असं वाटणाऱ्या माणसाला समजावणं मला जमलं नाही. मी स्वतः त्याच कामाला निघाले होते.

मी पुन्हा अनुपमा मॅडमकडे गेले. त्यांनी मार्ग काढला. "साठ माणसं, म्हणजे साठ फोन. कोणाच्या तरी व्हिडिओत तुमच्या वडिलांचा आवाज असेलच. मूळ व्हिडिओ आणा, आवाजासकट. मी स्वतः ते वाक्य काढते. तीस दिवस देते. नाही आला, तर वाक्य अंतिम."

व्हिडिओ आहे. तो तुम्ही पाहिला आहे. अकरा सेकंदांचा, धुक्यातून हेलिकॉप्टर बाहेर येतं आणि खाली एक टँकर पाण्याचे फवारे उडवत वेडावाकडा पळतो तो. टँकर ओढ्याशी पोचण्याआधी संपतो. आतापर्यंत चौदा लाख जणांनी पाहिला. माझ्या माहितीत त्याच्या एकवीस आवृत्त्या आहेत: हळदीच्या गाण्याच्या नऊ, बँडच्या पाच, कोंबडा आरवतो त्या तीन, पाठीमागे माणसं खदखदा हसतात त्या दोन, आणि क्रिकेटच्या समालोचनाच्या दोन. चालकाच्या आवाजाची एकही नाही.

मूळ व्हिडिओ काढला मालोजींच्या सुनेनं, सेजलनं. तिनं टँकर तोंडाशी आल्यापासून काढला होता, सगळा, बोलण्यासकट. मी तिच्या घरी गेले तेव्हा तिनं दार उघडलं आणि आधी फोनच पुढे केला.

"ताई, होता गो. नऊ मिनिटांचा होता. गाण्याशिवाय कोणी बघत नाय, म्हणून शेवटचं कापून गाणं घातलं. मग फोन भरला, म्हणून मोठा काढून टाकला."

"कोणाला पाठवला होतास? मोठा?"

"पाठवलाय ना. आमच्या तीन ग्रुपवर. तिकडून पुढे गेला असणार. कुठेतरी असेल." मग म्हणाली, "तेव्हा सगळे हसत होते, ताई. मला वाटलं, चाचा चिखलानं भरून वर येतील आणि मला ओरडतील."

मी तिन्ही ग्रुपची नावं लिहून घेतली. मला तो व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपवर नऊ वाजून दहा मिनिटांनी आला होता. धुक्यात टँकरचा नंबर दिसत नव्हता. मी हसणारा चेहरा पाठवला. घरून फोन आला तो नऊ सोळाला.

तीस दिवसांपैकी सव्वीस गेले. त्या व्हिडिओखाली ज्यांनी हसणारे चेहरे टाकले त्यांची नावं दिसतात, ही मोठी सोय आहे. मी ती वरून खाली वाचत जाते, रोज चारशे, आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारते: तुमच्याकडे मोठा आला होता का, ज्यात सुरुवातीला एक माणूस काच खाली करून काहीतरी विचारतो? बहुतेक लोक सभ्यपणे उत्तर देतात. अनेकांना वाईट वाटतं, आणि ते रडणारा चेहरा पाठवतात.

तुमचं नाव अजून आलेलं नाही. यादी लांब आहे, दिवस चार आहेत. तोवर फोनमधली जागा रिकामी करणार असाल, तर चार दिवस थांबा.